खांद्यावरची अक्षरं

हणमंता, तू मेलास आन मला पहिल्यांदा राग आला. रडू नंतर आलं, ते बी थोडंच. आपलं भांडण नऊ वरसांचं, आन ते अर्ध्यात टाकून तू निघून गेलास. तुझी ही खोड जुनीच. शाळंत असताना हरायला लागलास की विटी-दांडू उचलून घरला पळायचास. मी मागनं शिव्या देत यायचो. आता बी तेच करतोय, फकस्त पळून तुझ्यापतूर पोचता येत न्हाई.

हे लिहितोय ते तुझ्यावर प्रेम उतू चाललंय म्हणून न्हाई. निबंध तू लिहून द्यायचास, मी तुझी भूमिती सोडवायचो, तवा माझं लिहिणं कसलं असतंय ते तुला म्हाईत हाय. पण तुझ्या रक्षाविसर्जनाला लोकं माइकवर बोलली. कुणी म्हणलं, आटपाडीचं नाव मोठं केलं. कुणी म्हणलं, थोर नाणेसंग्राहक गेला. एकानं लाखाच्या नाण्याची गोष्ट काढली, आन मधीच थांबून माझ्याकडं बघितलं. मी मागं लिंबाच्या झाडाला टेकून उभा हुतो. मग सगळ्यांनीच बघितलं. मी कोण? मी दस्तगीर कल्हईवाला, हणमंताच्या लाखाच्या नाण्याची माती करणारा. गावात माझी येवढीच ओळख ठेवून गेलास तू.

आपल्याकडची पोरं गलाईला जात्यात, सोनं-चांदी गाळायला, पार कुठं कुठं. तू बी गेलास. पण तुला सोन्याच्या दुकानात कुणी उभं केलं न्हाई, तू गुजरातेत पितळंच्या भट्टीवर चिकटलास. तिथं परदेशातनं भंगाराची पोती यायची. तोट्या, नळ, मोडक्या गाड्यांचं तुकडं, आन मधीच कुठंतरी अमेरिकेचा तांब्याचा पैसा. बाकीचे तो भट्टीत टाकायचे, तू खिशात टाकलास. तीस वरसांनी डाळिंबाची बाग लावायला गावाकडं आलास तवा बायकोला दोन साड्या आन तुला स्वतःला बिस्किटाचे तीन डबे भरून तांब्याचे पैसे. शालन वैनी म्हणली, "लोकांची माणसं गलाईवरनं सोनं आणत्यात, ह्येंनी सुट्टं आणलं." किती हसलो हुतो आपण.

तवापासनं दर शनिवारी, बाजारच्या दिवशी, तू माझ्या दुकानात. मी भट्टीजवळ, तू गोणपाटावर डबा पालथा घालून. पिसंवाला एकीकडं, दाढीवाला एकीकडं. पिसंवाला म्हंजे डोक्याला पिसांचा टोप असलेला, जुना. त्येच्या कपाळपट्टीवर सात बारीक अक्षरं. सातच्या सात वाचता आली तर नाणं चांगलं, तीन वाचता आली तर बरं, एक बी न्हाई तर कलशात टाकायच्या लायकीचं, असं तू म्हणायचास. दाढीवाला त्येच्यानंतरचा, त्यांचा कुणी अध्यक्ष, मागल्या बाजूला गव्हाच्या दोन लोंब्या. लोंबीच्या रेघा भिंगातनं मोजायच्या, गालाचं हाड झिजलंय का बघायचं. माझं कल्हईचं काम राहायचं बाजूला आन मी तुझ्या भिंगात डोळा घालून बसायचो. डब्यातनं नऊ पिसंवाले मी माझ्या हातानं निवडून काढलेले, हे तरी तुला आठवत हुतं का शेवटी?

आन मळावरनं आपलं जुनं भांडण! पयल्याच शनिवारी मी एक दाढीवाला चिंचेच्या पाण्यात बुडवून राखंनं घासला आन तुझ्या हातावर ठेवला. मला वाटलं, खूश हुशील. तू असा ओरडलास की समोरची भाजीवाली उठून आली. "आरं गाढवा, किंमत घासून टाकलीस की त्येची!" मी म्हणलं, मळ काढला. तू म्हणलास, "तो मळ न्हवं, ते त्येचं वय हाय. शंभर वरसं हवा खाऊन तांब्यानं आपल्या अंगावर रंग धरलाय. तो गेला की नाणं नागडं." मी म्हणलं, माझ्याकडं काळं भांडं येतंय आन पांढरं हून जातंय, मळात किंमत असती तर माझ्या बापानं बंगला बांधला असता. ते भांडण काय मिटलं न्हाई. तुझं तुला खरं, माझं मला. पण त्येच्यानंतर तुझ्या एका बी पैशाला मी पाण्याचं बोट लावलं न्हाई, हे तू भर बाजारात सांगायला पायजे हुतंस. न्हाई सांगितलंस.

आता ते नाणं. सांगलीला नाण्यांचं प्रदर्शन भरलं तवा एसटीनं आपण दोघंच गेलो. सगळ्या वाटंनं तू मला शिकवत हुतास. एकोणीसशे चौदा सालचा दाढीवाला, सालाखाली टाकसाळीचा बारीक डी असलेला, लय दुर्मिळ. म्हणून त्येची नक्कल बी लय. लबाड लोकं एकोणीसशे चव्वेचाळीसचा साधा पैसा घेत्यात, पयला चार खरवडून एक करत्यात, झालं चौदा. पण त्यास्नी पकडायची खूण हाय. चौदा साली नाण्यावर कारागिराच्या नावाची अक्षरं न्हवती. ती दाढीवाल्याच्या खांद्यावर आली चार वरसांनी. तवा चौदाच्या नाण्यावर खांद्याला तीन बारीक अक्षरं दिसली की हात जोडायचे आन निघायचं. हे तू मला सांगितलंस, हणमंता. तूच.

आन तिथं सफारी घातलेल्या एका माणसाच्या टेबलावर तसलाच पैसा. चौदा, खाली डी. तू भिंग काढलंस. खांद्यावर काळा मळ बसलेला, भिंगातनं काय दिसंना. तो म्हणला, साहेब, पुसू नका, असलपणा जाईल. आन पुसायचं न्हाई हा तर तुझा नेमच. मी पैसा हातात घेतला, नाकाला लावला. आयुष्यभर भांड्यावरचा मळ हुंगलाय मी, हणमंता. जुन्या मळाला वास नसतोय. ह्येला काजळीचा आन तेलाचा वास हुता. मी तुझ्या कानात म्हणलं, "गड्या, हे मला बरं वाटंना." तू काय म्हणलास? त्या माणसासमोर, मोठ्यानं? "तू कल्हईवाला, तुला घासायचं कळतं. मळाचं तुला काय कळतंय?"

मी पैसा टेबलावर ठेवला. तू पिसंवाल्यांचा सगळा डबा त्येला दिलास, माझ्या नऊसकट, आन हा एक पैसा घेतलास. येताना तू मला भडंग घेतलंस. मी खाल्लं न्हाई. तुला वाटलं पोटात दुखतंय.

मग काय, पेपरात फोटो. शाळंत शाल, नारळ. आटपाडीच्या डाळिंबवाल्याकडं लाखाचा अमेरिकन पैसा. तू पाकिटात घालून, पाकीट डब्यात, डबा कपाटात, आन पावणं आलं की बाहेर. मला बी बरं वाटायला लागलं हुतं, खोटं कशाला बोलू. आपल्या नाकाचं चुकलं असंल म्हणलं.

आन त्याच वरसी नवरात्र. घटाच्या कलशात तांब्याचं नाणं लागतंय. आता कुणाच्या घरात तांब्याचं नाणं हाय? वैनीनं कपाट उघडलं, डब्यातलं वरचंच पाकीट घेतलं, आतला पैसा कलशात टाकला आन पाकीट परत जाग्यावर. तिच्या लेखी घरात तांब्याच्या पैशाचे डबे भरलेत, एकानं काय हुतंय! दसऱ्यानंतर घट उठला, पाणी तुळशीला गेलं, तळाला नागवेलीच्या पानांचा चिखल आन त्यात पैसा तसाच. कलश बाकीच्या भांड्यांबरोबर पोत्यात. आन ते पोतं मोटारसायकलवर घालून माझ्या दुकानात कुणी आणून टाकलं? तू.

माझी चूक झाली. हे मी तवा बी म्हणलो, आता बी म्हणतो. भांड्यात हात घालून बघितल्याबिगर भांडं पाण्यात सोडायचं न्हाई, हे अब्बांनी मला पयल्या दिवशी शिकवलेलं. त्या दिवशी बाजार हुता, लग्नाच्या हंड्या आल्या हुत्या, मी बघितलं न्हाई. कलश चिंचेच्या पाण्यात मुरला, मी राखंचा बोळा आत फिरवला, आन बोटाला कायतरी लागलं. बाहेर काढलं तर पैसा. टाकसाळीतनं आत्ताच पडल्यासारखा. साल वाचलं. चौदा, खाली डी.

तू चार वाजता भांडी न्यायला आलास. मी पैसा फडक्यावर ठेवून तुझ्याम्होरं धरला. तू खिशातनं भिंग काढलंस, बाहेर उजेडात गेलास आन बघत ऱ्हायलास. लय वेळ बघितलंस, हणमंता. तुझं कान लाल झालं. मला वाटलं तू रडतोयस. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवायला आलो, तर तू मूठ आवळलीस आन भर बाजारात बोंबललास, "दस्तगीरा, माझं लाखाचं नाणं मातीत घातलंस रं!"

झालं. गावाला तेवढंच पायजे हुतं. दुसऱ्या शनिवारपासनं बायका भांडं टाकायच्या आधी माझ्या तोंडासमोर आत हात घालून बघायला लागल्या. "लाखाचं काय ऱ्हायलं न्हाई न्हवं आत?" म्हणून हसायच्या. आचाऱ्यांनी हंड्या विट्याला न्यायला सुरवात केली. दर्ग्याच्या उरुसाची देग अब्बांच्या काळापासनं आमच्याकडं कल्हईला यायची, ती बी गेली. पैशाचं सोड, कसंबी पोट भरलं. पण माझा हात, हणमंता! ह्या हाताला आटपाडी तालुक्यात नाव हुतं. तू त्याच हाताला बोल लावलास. आन मी नऊ वरसं तो खरा मानला. कथील फिरवताना मनात यायचं, आपल्या हातानं गड्याचं सोनं झालेलं मातीत गेलं.

एकदा म्हणलं तुला, रस्त्यात गाठून, की ते नाणं एकदा बघू तरी दे, दुसऱ्या जाणत्याला दाखवू, कायतर किंमत ऱ्हायली असंल. तू म्हणलास, "काय बघायचंय? मेलेल्याचं तोंड?" आन गाडीला किक मारलीस. तवा मला वाटलं, किती दुखावलाय बिचारा. बिचारा म्हणलो रं मी तुला.

आन दोन वरसांखाली एसटी स्टँडवर. तू वडूजच्या गाडीतनं उतरलास, मी रिकामं पोतं खांद्यावर घेऊन. तू थांबलास. "दस्त्या, बरं हाय का?" म्हणलास. दस्त्या! किती वरसांनी ऐकलं. तुझ्या तोंडावर आणखी कायतरी हुतं, ओठापतूर आलेलं. मी मान फिरवली आन चालू लागलो. त्येचं मला आता वाईट वाटतंय, हे मी मान्य करतो. पण तू मागनं हाक मारायची हुतीस. दोन पावलं यायची हुतीस. जीभ झडली असती का?

तुझं चांगलं बी सांगतो, न्हाईतर तू म्हणशील गाढवानं एकच बाजू लिहिली. माझ्या उजव्या हातावर तापलेलं कथील सांडलं तवा लग्नसराई तोंडावर हुती. तू डाळिंबाची बाग गड्यांवर टाकून वीस दिवस माझ्या दुकानात भाता मारलास. काळाठिक्कर पडायचास. वैनी तुला दारातच आंघोळीला बसवायची, आन तू मला म्हणायचास, "मळ न्हवं हा, वय हाय माझं." त्या माणसाला मी नऊ वरसं शोधतोय. तो माणूस असं कसं करंल, ह्याच कोड्यात मी निम्मा झालो.

परवा वैनीनं बोलावलं. सोप्यात सतरंजी टाकलेली, तुझा फोटो भिंतीला, हार वाळलेला. तिनं बिस्किटाचा डबा माझ्याम्होरं ठेवला. "भावजी, ह्यात काय हाय ते तुमीच सांगा. ते गेल्या उन्हाळ्यात म्हणले हुते, माझ्यामागं ते चौदाचं नाणं दुसऱ्या कुणाला दाखवू नगंस, दस्तगीरलाच दाखव. आन दाखवताना पाकीट आन भिंग दोन्ही दे." मी म्हणलं, वैनी, ते माझ्या हातानं गेलेलं हाय, मला कशाला? ती म्हणली, "घासलेलं असलं तरी कायतर ईल की. बघा तरी."

मी पाकिटातनं पैसा काढला. नऊ वरसांत परत तपकिरी व्हायला लागलेला, कडंकडंनं. भिंग लावलं. साल बघितलं, डी बघितला. मग डोळा आपसूक खाली गेला. खांद्यावर. तीन अक्षरं, हणमंता. बारीक, पण खणखणीत. मळाखाली दडवलेली. माझ्या चिंचेनं उघडी पडलेली.

मी परत बघितलं. दारात जाऊन उजेडात बघितलं, तू बघितलं हुतंस तसं. मग पाकीट उलटं केलं. तुझी सवय मला म्हाईत हुती. प्रत्येक नाण्याचं पाकीट, त्येच्यावर खरंखुरं लिहिणं, कुठं झिजलंय, कुठं ओरखडा. पुढं निळ्या शाईत लिहिलेलं, "१९१४ डी. जपून." मागं काळ्या शाईत, "दसऱ्यानंतर. खांद्यावर अक्षरं आहेत. चव्वेचाळीसचं आहे. दस्तगीरचं नाक खरं."

भडव्या, पाकिटावर लिहिलंस! चार इंचाच्या कागदाला खरं सांगितलंस आन मला न्हाई! त्या दिवशी चार वाजता माझ्या दुकानाबाहेर तुला सगळं दिसलं. फसलो हे दिसलं, पिसंवाले गेले हे दिसलं, शाल-नारळ दिसला, पेपर दिसला. आन तेवढ्या वेळात तू ठरवलंस की खुळा ठरण्यापरास दस्त्याला अपराधी ठरवलेलं बरं. नुसतं "गड्या, फसलो की रं" म्हणला असतास तर मी हसलो असतो, तुला चहा पाजला असता, आन जन्मभर कुणाला सांगितलं नसतं. कल्हईवाल्याच्या पोटात काय थोड्या गोष्टी ऱ्हात्यात?

वैनी माझ्या तोंडाकडं बघत हुती. एक सांगतो, क्षणभर मनात आलं की गप बसावं. गेलेल्या माणसाचं कशाला. पण मी काय पीर न्हाई माफ करायला, आन तूच तर तिला भिंग द्यायला सांगितलंस. मी सांगितलं. सालाचं, चाराचं, खांद्याचं, सगळं. पाकीट वाचून दाखवलं. मला वाटलं ती चिडंल, तुझी बाजू घेईल, रडंल. तिनं पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं. मग हळूच म्हणली, "म्हंजे मी कलशात घातलं म्हणून न्हाई गेलं ते?"

हणमंता, हे माझ्या डोक्यात कधी आलंच न्हाई. मी बाजारात बोलणी खाल्ली, ती घरात गिळत बसली. ती म्हणली, तू तिला एक शब्द बोलला न्हवतास. ते तर लय वाईट. बोलला असतास तर तिनं उलट बोलून घेतलं असतं. नऊ वरसं ती तुला ताट वाढताना हेच मनात धरून, की ह्येंचं लाखाचं नाणं माझ्या हातानं गेलं. आन तू जेवत हुतास. घास कसा उतरला रं?

"न्हाई वैनी," मी म्हणलं, "तुमच्यामुळं न्हाई, माझ्यामुळं न्हाई. ते आलं तवाच खोटं हुतं."

ती उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. आतनं माळ्यावरची भांडी हलवल्याचा आवाज आला. बाहेर आली तर हातात तो कलश. काळा, हिरवा, पार गंजून गेलेला. नऊ वरसं तिनं घटाला स्टीलचा तांब्या लावला. तांब्याच्या भांड्याला हात लावायची तिची हिंमत झाली न्हाई. कलश माझ्याम्होरं ठेवला आन म्हणली, "भावजी, एवढा घासून द्या. आन ते नाणं, त्येचं साल खोटं असूद्या. तांबं तर खरं हाय न्हवं?"

"तांबं खरं हाय, वैनी."

"मग नाणं बी संगट न्या."

मी कलशात हात घातला. पार तळापतूर. बोटं फिरवली. रिकामा हुता. तवा मला रडू आलं, थोडं, ते वर लिहिलंय ते हेच.

तर आता ऐक. ह्या शनिवारी, भर बाजारात, दुकानाच्या दारात बसून मी तुझं नाणं चिंचेच्या पाण्यात टाकणार हाय. राखंनं घासणार हाय, दोन्ही बाजूंनी, अंगठा दाबून, खांद्यावर जरा जास्तच. लोकं इचारतील तर खांद्यावरची अक्षरं दाखवीन, प्रत्येकाला, तुझ्याच भिंगातनं. लखलखीत करून वैनीच्या कलशात घालणार हाय. दर दसऱ्याला घासणार हाय. वय काढतोय म्हण, किंमत घालवतोय म्हण, गाढव म्हण.

ये की. ओरड. हिसकावून घे माझ्या हातातनं.